अमेरिकन कॅम्पसवरचे इव्हँजेलिकल विद्यार्थी नक्की कोण असतात?

उत्तरा

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या गप्पांत, भारतातल्या नातेवाइकांच्या फोनवर, सगळीकडे एकच समज ऐकू येतो: इव्हँजेलिकल ख्रिस्ती म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांतला गोरा, खेड्यातला, कॉलेजशी फारसा संबंध नसलेला माणूस. मी इलिनॉयमधल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात विद्यार्थी सल्लागार आहे. मला रोज जे दिसतं ते याच्याशी जुळत नाही, म्हणून हा धागा.

आधी देशाचे आकडे. लोकांच्या पाहण्या करणाऱ्या प्यू या संशोधन संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत २५.४ टक्के प्रौढ अमेरिकन इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट निघाले. त्यांतले ७६ टक्के गोरे, ११ टक्के हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळांचे), ६ टक्के कृष्णवर्णीय आणि आशियाई फक्त २ टक्के. पदवीधर २१ टक्के, तेव्हा देशाची सरासरी होती २७ आणि हिंदूंची ७७. म्हणजे समज अगदीच निराधार नाही.

पण शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडच्या एका व्याख्यानगृहात ख्रिस्ती विद्यार्थी गट जमतो, तिथे जाऊन बघा. मागच्या सत्रात मी एका विद्यार्थिनीला भेटायला गेले होते. दोनेकशे मुलं असतील. निम्म्याहून जास्त चेहरे कोरियन, चिनी, तैवानी. गिटारवर मल्याळी मुलगी. पडद्यावर गाण्याचे शब्द, बाकांखाली ऑरगॅनिक केमिस्ट्रीची जाडजूड पुस्तकं, कारण सोमवारी परीक्षा. समाजशास्त्रज्ञ रिबेका किम यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि लॉस एंजेलिस (यूसीएलए) इथल्या गटांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. या दोन कॅम्पसवर पन्नासहून जास्त इव्हँजेलिकल गट होते आणि त्यांचे सुमारे ८० टक्के सदस्य आशियाई वंशाचे. देशात २ टक्के आणि तिथे ८०!

तुमच्या कॅम्पसवर काय चित्र आहे? आणि हे असं का झालं असावं?

शेखर_डॅलस

उत्तराताई, विषय छान काढलात, पण कॅलिफोर्नियावरून अमेरिका ठरवू नका. बर्कली आणि यूसीएलएमध्ये तेव्हा एकूण विद्यार्थ्यांतच ४० टक्क्यांच्या आसपास आशियाई होते. आमच्या टेक्सासात या. टेक्सास ए अँड एममध्ये 'ब्रेकअवे' नावाचा साप्ताहिक बायबल अभ्यास चालतो, त्याला हजारोंनी मुलं येतात. मुलाला सोडायला गेलो होतो तेव्हा पाहिलं. बहुतेक गोरी, काउबॉय बूट घातलेली, पिकअप ट्रकमधून उतरणारी. तुमचा 'समज' तिथे जिवंत आहे.

मृण्मयी_क

मला मुळात मोजणी कशी करतात ते समजून घ्यायचंय. इव्हँजेलिकल हा पंथ आहे का? कॅथलिक, मेथडिस्ट असं फॉर्मवर लिहितात तसं हे लिहितात का?

ग्रेस_नगर

मृण्मयीताई, मी सांगते. मी नगरची, मराठी ख्रिस्ती, सध्या ओहायोत पीएचडी करते.

हा एक पंथ नाही, प्रवाह आहे. बाप्तिस्त, पेन्टेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे), कुठलाच शिक्का नसलेल्या स्वतंत्र मंडळ्या, सगळीकडे हे लोक सापडतात. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकाराने १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या, त्या आजही वापरतात: बायबल हा अंतिम आधार, ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या मरणावर भर, प्रत्येकाने स्वतः केलेलं परिवर्तन आणि श्रद्धा कृतीत उतरवणं, म्हणजे साक्ष देणं, सेवा करणं. आमच्याकडे 'नव्याने जन्मलेला' म्हणतात तो तिसरा मुद्दा. ख्रिस्ती घरात जन्म झाला एवढ्याने भागत नाही, निर्णय तुमचा तुम्हाला घ्यावा लागतो. म्हणून तर कॉलेजचं वय यांना इतकं महत्त्वाचं वाटतं. अठरा ते बावीस या काळात माणूस पहिल्यांदा आईवडिलांशिवाय निर्णय घेतो.

मोजणीच्या तीन पद्धती आहेत: चर्च कुठलं ते विचारायचं, 'तुम्ही स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवता का' असं विचारायचं, किंवा श्रद्धेचे प्रश्न विचारून ठरवायचं. तिन्हींतून तीन वेगळे आकडे येतात आणि तिन्ही खरे असतात.

उत्तरा

ग्रेस, फार सुंदर मांडलंस. त्यात एक भर. प्यू चर्चवरून वर्गीकरण करते, त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक चर्चमधला मुलगा 'इव्हँजेलिकल' या रकान्यात येतच नाही, त्याचा रकाना वेगळा. श्रद्धेचे प्रश्न विचारले तर त्याची उत्तरं शेजारच्या बाप्तिस्त मुलासारखीच असतात. मग ते ६ टक्के किती अपुरे आहेत ते लक्षात येईल.

शिवाय २०१६ च्या निवडणुकीनंतर हा शब्द राजकारणाशी जोडला गेला, म्हणून बरेच विद्यार्थी हा शिक्काच टाळतात. प्रिन्स्टनच्या गटाने २०१७ मध्ये नावातून 'इव्हँजेलिकल' काढून 'प्रिन्स्टन ख्रिश्चन फेलोशिप' केलं. माणसं तीच आणि श्रद्धाही तीच, पण 'स्वतःला काय म्हणवता' असं विचारणाऱ्या पाहणीत ती दिसेनाशी होतात.

सदानंद_पेठे

वाचतोय. एक भाबडा प्रश्न: विद्यापीठात गेल्यावर, डार्विन वगैरे शिकल्यावर, ही मुलं श्रद्धा सोडत नाहीत का? आमच्या काळी फर्ग्युसनला गेलेली मुलं पहिल्याच वर्षी जानवं काढून ठेवायची!

रानवारा

काका 😄 आणि लग्नाच्या वेळी परत शोधायची!

प्रशांत_ऑस्टिन

सदानंदकाका, प्रश्न भाबडा अजिबात नाही. अमेरिकेतले इव्हँजेलिकल पालकही हीच भीती बाळगून असतात. पण संशोधन उलटं सांगतं. आमच्या टेक्सास विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञांचा २००७ मधला अभ्यास आहे. हजारो मुलांचा किशोरवयापासून पाठपुरावा केलेली विदा त्यांनी वापरली. चार वर्षांच्या कॉलेजात शिकणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचं चर्चला जाणं कमी झालं. आणि कॉलेजचं तोंडही न पाहिलेल्यांपैकी? ७६ टक्के! घर सुटणं, लग्नाशिवाय एकत्र राहणं, रात्रपाळीची नोकरी, यांचा परिणाम वर्गातल्या व्याख्यानापेक्षा जास्त.

कॅम्पसवर तर श्रद्धेला आधार मिळतो. वसतिगृहाच्या मजल्यावर बायबल गट, जेवायला सोबत, आजारी पडलात तर सूप आणून देणारं कुणी. रविवारी दुकानात कामाला असणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला यातलं काय मिळतं?

जुनं संशोधन मात्र वेगळं होतं. १९९७ मध्ये डार्नेल आणि शेर्कट यांनी दाखवलं की कट्टर प्रोटेस्टंट घरांतली मुलं कमी शिकतात, कारण घरचेच कॉलेजच्या तयारीचे विषय घेऊ देत नाहीत. मग २००४ मध्ये बेयरलाइन यांनी तो गठ्ठा सोडवला. फंडामेंटलिस्ट (बाहेरच्या जगापासून फटकून राहणारे मूलतत्त्ववादी), पेन्टेकॉस्टल आणि इव्हँजेलिकल असे तीन ढीग केले, तर मागे पडणारे पहिले दोन निघाले. इव्हँजेलिकल मागे नव्हते. सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं की असं होतं.

अभिजित_गद्रे

मी अनुभव सांगतो. ऑगस्टमध्ये ओक्लाहोमाला उतरलो. पीएचडी, खिशात मोजके डॉलर. विद्यापीठाच्या यादीतून विमानतळावर घ्यायला आलेला माणूस एका बाप्तिस्त चर्चचा. निवृत्त पोस्टमास्तर. शनिवारी त्यांच्या चर्चच्या पार्किंगमध्ये फर्निचरवाटप: गाद्या, टेबललॅम्प, तवे, मायक्रोवेव्ह, सगळ्यावर मास्किंग टेप लावून नंबर. चिठ्ठी काढायची आणि नंबर येईल ते उचलायचं. मला गादी आणि एक पाय डुगडुगणारं टेबल मिळालं. पोस्टमास्तरांनी ते त्यांच्या व्हॅनमधून माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीपर्यंत चढवलं आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडीही त्यांनीच घातली. वय सत्तरच्या पुढे.

रांगेत माझ्यासारखे भारतीय, चिनी, नेपाळी, नायजेरियन. त्यातले नायजेरियन आधीपासूनच ख्रिस्ती, आणि आमच्या यजमानांपेक्षा जास्त पाठ बायबल येणारे! पुढे दोन वर्षांत तिथल्या विद्यार्थी गटाचा अध्यक्ष एक नायजेरियन झाला. तेव्हा उत्तराताईंच्या यादीत आफ्रिकेतून आलेले विद्यार्थीही धरा.

उमा_कानिटकर

अभिजित, अनुभव छान आहे, पण गादीमागचा हेतूही बोलायला हवा. माझ्या भाचीला अशाच एका गटाने आधी इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला बोलावलं, मग जेवायला, मग बायबल अभ्यासाला. 'नको' म्हणाल्यावर फोन यायचे बंद झाले. नव्या देशात एकट्या पडलेल्या मुलीला ते फार लागलं. मदत आणि धर्मप्रसार इतके मिसळलेले नसावेत.

ग्रेस_नगर

उमाताई, तुमच्या भाचीच्या बाबतीत झालं ते वाईट झालं, आणि आमच्यातल्याही अनेकांना ते खटकतं. मैत्री ही मैत्रीच हवी, तिला अट नको. एवढंच सांगेन की साक्ष देणं हा श्रद्धेचाच भाग असल्यामुळे 'प्रसार करू नका' म्हणणं म्हणजे निम्मी श्रद्धा घरी ठेवायला सांगणं. पण पहिल्याच दिवशी हेतू स्पष्ट सांगावा, हे मी आमच्या गटात नेहमी बोलते.

अभिजित_गद्रे

उमाताई, मीही कधी ख्रिस्ती झालो नाही. पोस्टमास्तर शेवटपर्यंत भेटत राहिले, माझ्या पदवीदानाला बायकोसह आले. माणसामाणसात फरक असतो.

कोल्हापूरचा_मध्या

आता जरा आमच्या गावाचं! ही विद्यार्थी चळवळ ज्यांनी मोठी केली, त्यांतल्या एका माणसाचा जन्म कोल्हापूरचा. रॉबर्ट वाइल्डर, जन्म १८६३. वडील रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशन सुरू करणारे. मुलगा प्रिन्स्टनला शिकायला गेला आणि १८८६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात त्याने अडीचशे विद्यार्थ्यांपैकी शंभर जणांना परदेशी मिशनकार्याची शपथ घ्यायला लावली. त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत तिच्यातून वीस हजारांवर मिशनरी जगभर गेले. वाइल्डर मेमोरियल चर्च आजही कोल्हापुरात आहे.

रानवारा

कोल्हापूरकर कुठल्याही धाग्यात गाव आणतातच 😄 पण हे मात्र खरंच माहीत नव्हतं.

प्रशांत_ऑस्टिन

मध्या, जबरदस्त माहिती. आणि धाग्याच्या विषयाला धरूनच आहे. तेव्हाचे ते विद्यार्थी कोण होते? प्रिन्स्टन, येल, विल्यम्स अशा कॉलेजांतले, गोरे, खात्यापित्या घरचे पुरुष. १८१३ मध्ये मुंबईला उतरलेले गॉर्डन हॉल विल्यम्स कॉलेजचेच पदवीधर. म्हणजे इव्हँजेलिकल विद्यार्थी हा मुळात वरच्या थरातला होता. 'कमी शिकलेला' हे चित्र नंतरचं, विसाव्या शतकातलं, मोठी विद्यापीठं धर्मापासून दूर गेल्यावरचं.

वैशाली_यवतमाळ

भारताचं काय? इथे या मुलांची गणती कोणी करते का? आमच्या यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीला गेली. माझे बाबा सांगायचे, नागालँड-मिझोरमची मुलं यवतमाळच्या बाजारात भाजी घ्यायला यायची, तर लोक वळून वळून बघायचे.

ग्रेस_नगर

वैशालीताई, नीट गणती नाही. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत मुस्लिम वेगळे मोजतात आणि बाकी सगळे 'इतर अल्पसंख्याक' या एका रकान्यात. त्यातून ख्रिस्तीच वेगळे काढता येत नाहीत, मग इव्हँजेलिकल कुठून येणार? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम १ टक्का, साधारण पावणेअकरा लाख.

दुसरं कारण जास्त दुखरं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना, पुढे शीख आणि बौद्धांनाही मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना नाहीत. आमच्या नगर जिल्ह्यात मंडळ्यांतली बहुसंख्य घरं याच समाजातून आलेली. मग दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, असं पिढ्यानपिढ्या चालतं. मुलाच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न असतो, त्यासाठी कोणी कोणाला दोष देऊ नये. पण कॉलेजात किती ख्रिस्ती आहेत हे कागदावरून कधीच कळणार नाही.

पुण्यात शिकताना मी ईयूत (इव्हँजेलिकल युनियन) जायचे. १९५४ पासूनच्या विद्यार्थी संघटनेचे हे कॉलेजातले छोटे गट. आमच्या गटात मराठी आम्ही तिघी. बाकी मल्याळी, तमिळ, तेलुगू, नागा. प्रार्थना इंग्रजीत, गाणी हिंदीत, आणि भांडणं मेसमध्ये भाताबरोबर काय करायचं यावरून.

मृण्मयी_क

शेवटचं वाक्य 😄

मुलींबद्दल कोणी बोललं नाही. अमेरिकेत पदवीच्या वर्गांत सुमारे ५८ टक्के मुली आहेत आणि मला वाटतं ख्रिस्ती गटांत हे प्रमाण आणखी वर जात असावं. ट्युलेन विद्यापीठातल्या इलाना हॉरविट्झ यांचं काम वाचलं होतं. धार्मिक घरांतली मुलं शाळेत चांगले गुण मिळवतात, नियम पाळतात. पण विशेषतः सुस्थितीतल्या घरांतल्या हुशार मुली आपल्या गुणांच्या मानाने कमी नावाजलेल्या कॉलेजात जातात. घराजवळ राहणं, पुढे मातृत्व, सेवा, याला त्या जास्त मोल देतात. मला हे वाचून वाईट वाटलं आणि मग विचारात पडले. त्यांनी निवडलेलं आयुष्य त्यांना हवं असेल तर मी कोण ठरवणार? पण 'हवं' कुणी शिकवलं, हाही प्रश्न आहेच.

शेखर_डॅलस

हार्वर्डसारख्या विद्यापीठांत त्या मुली न दिसण्याचं हेच कारण. त्या व्हीटन, बायोला अशा ख्रिस्ती कॉलेजांत असतात, नाहीतर घराजवळच्या सरकारी कॉलेजात.

आणि लिबर्टी विद्यापीठ विसरू नका. १९७१ मध्ये बाप्तिस्त पाळक जेरी फॉलवेल यांनी व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला काढलं. लाखाहून जास्त विद्यार्थी, पण त्यातले बहुतेक ऑनलाइन. माझ्या ऑफिसातली एक सहकारी तिथून एमबीए करतेय. वय पंचेचाळीस, दोन मुलं, नवरा सैन्यात. रात्री मुलं झोपली की लॅपटॉप उघडते. 'इव्हँजेलिकल विद्यार्थी' म्हटल्यावर तिचा चेहरा कोणाच्या डोळ्यासमोर येतो? संख्येने बघाल तर या गटाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

रोहिणी_फ्रेस्नो

आमच्या गावातली बाजू सांगते. फ्रेस्नो पॅसिफिक हे मेनोनाइट ब्रदरन लोकांचं विद्यापीठ. रशियातून आलेल्या जर्मन भाषिक शेतकऱ्यांचा हा पंथ. आज ते केंद्र सरकारच्या व्याख्येनुसार हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे, म्हणजे चौथा हिस्सा तरी हिस्पॅनिक. द्राक्षाच्या मळ्यांत राबणाऱ्यांची मुलं, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच पिढी. माझ्या शेजारच्या मेक्सिकन कुटुंबाचं पेन्टेकॉस्टल चर्च आहे. त्यांची मुलगी तिथे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेते. वडिलांना इंग्रजी येत नाही, पण पाळकाने सांगितलं 'तिथे पाठवा, आपल्याच लोकांचं आहे', एवढ्यावर ते तयार झाले.

उत्तरा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून मूळ प्रश्नाला हात घालते: बड्या विद्यापीठांत हे गट आशियाई का झाले?

माझ्या मते मोठं कारण १९६५ चा स्थलांतर कायदा. त्याने शिकलेल्या आशियाई लोकांना दार उघडलं. प्यूच्या २०१२ च्या पाहणीत कोरियन अमेरिकनांत ७१ टक्के ख्रिस्ती निघाले, चिनी वंशाच्यांत ३१, आपल्या भारतीयांत १८. कोरियन चर्च म्हणजे शनिवारची भाषाशाळा, गृहपाठ, नोकरीच्या ओळखी, सगळं एका छताखाली. त्या घरांत चर्च आणि अभ्यास यांच्यात भांडण नाही. मुलं नावाजलेल्या विद्यापीठांत पोचली आणि सोबत चर्च घेऊन आली. इंटरव्हर्सिटी या कॅम्पसवरच्या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदी २०१६ मध्ये टॉम लिन आले, तैवानी आईवडिलांचे, हार्वर्डचे. त्या पदावरचे पहिले बिगर-गोरे.

शेखर म्हणतात ते टेक्सासचं चित्रही खरंच आहे. पण ते आणि बर्कलीचं चित्र यांची सरासरी काढून 'टिपिकल इव्हँजेलिकल विद्यार्थी' बनवायला गेलात तर असा विद्यार्थी कुठेच सापडणार नाही.

उमा_कानिटकर

पण मग सगळे एकत्र का बसत नाहीत? कोरियन गट वेगळा, कृष्णवर्णीय वेगळा. श्रद्धा एकच ना?

ग्रेस_नगर

उमाताई, हा आमच्यातलाही जुना वाद आहे. १९५१ मध्ये यूसीएलएत सुरू झालेल्या 'क्रू' या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेने आशियाई मुलांसाठी 'एपिक', हिस्पॅनिकांसाठी 'डेस्टिनो', कृष्णवर्णीयांसाठी 'इम्पॅक्ट' अशा शाखाच काढल्या. काहींना ही फाळणी वाटते. मला स्वतःला दोन्हींची गरज वाटते. आईवडिलांच्या अपेक्षांबद्दल मी कोरियन मैत्रिणीशी जे बोलू शकते, ते गोऱ्या मैत्रिणीला आधी समजावून सांगावं लागतं.

आणि पैशाचा मुद्दा राहिलाच. इंटरव्हर्सिटी असो की क्रू, पूर्णवेळ कार्यकर्त्याला स्वतःचा पगार स्वतः देणग्या मागून उभा करावा लागतो. ज्याच्या चर्चमध्ये डॉक्टर, वकील, व्यावसायिक आहेत त्याचा निधी लवकर जमतो. मळ्यात राबणाऱ्यांच्या चर्चमधली मुलगी कोणाकडे मागणार? आमच्या कॅम्पसवर एका कृष्णवर्णीय कार्यकर्तीने याच कारणाने काम सोडलं. तिची जागा भरली गेली नाही, आणि पुढच्या वर्षी तिच्या गटातली निम्मी मुलं आलीच नाहीत. कुठल्या कॅम्पसवर कोणता गट टिकतो हे तपासायचं असेल तर विद्यार्थ्यांबरोबर कार्यकर्त्यांचेही आकडे मागवा.

रोहिणी_फ्रेस्नो

ग्रेस, हे आमच्याकडेही तसंच आहे. शेजारच्या मुलीला विचारून सविस्तर लिहिते, तिचा भाऊ सध्या असाच निधी जमवतोय.